मला समजेल अशा भाषेत

ऑपरेशनच्या कागदावर मी पहिल्यांदा सही केली तेव्हा वीस वर्षांचा होतो. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, सुट्टीत गावी आलेलो. मोठीमायला पाळीत खूप जात होतं, तीन महिने झाले तरी थांबेना. (मोठीमाय म्हणजे थोरली काकू. यवतमाळकडे आम्ही मोठीमायच म्हणतो.) तालुक्याला सोनोग्राफी झाली, तिथून शहरातल्या एका खासगी दवाखान्यात. त्याचं नाव लिहीत नाही. नाव घेतलं की तो एक दवाखाना वाईट ठरतो आणि बाकीचे सुटतात.

संध्याकाळी सिस्टर बाहेर आल्या. "पेशंटसोबत शिकलेलं कोण आहे?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात पॅड, पॅडला तीन पानं, पानांवर पेनानं आधीच मारून ठेवलेल्या फुल्या. "इथं, इथं आणि इथं." मोठीमाय तीन पावलांवर बाकड्यावर बसली होती. पूर्ण शुद्धीत, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. तिनं विचारलं, "काय लिवलं हाय रे त्याच्यात?" मी म्हणालो, "काही नाही मोठीमाय, फॉर्म्यालिटी हाय." आणि तीन सह्या ठोकल्या. मिनिटसुद्धा लागलं नसेल.

ऑपरेशन झालं, टाके सुकले, ती घरी आली. चार-सहा महिन्यांनी रात्री-बेरात्री उठून अंगणात जाऊन बसायला लागली. "आंग पेटल्यावानी होते." थंडीत घाम. मग गुडघे, मग कंबर. घरात कोणी म्हणालं वय झालं. वय एक्केचाळीस. दुसऱ्या एका डॉक्टरकडे नेलं, त्यांनी जुने कागद मागितले. फाइल उघडली आणि तेव्हा मी तो फॉर्म पहिल्यांदा वाचला. सही केल्यानंतर जवळजवळ एका वर्षानं.

छापलेला मजकूर मराठीत होता. शस्त्रक्रियेचं नाव लिहायला एक रिकामी ओळ होती आणि त्या ओळीवर घाईच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं: टीएएच विथ बीएसओ. तीन पानांत मोठीमायच्या शरीराबद्दल खरी माहिती देणारे शब्द एवढेच, बाकी सगळा मजकूर कोणत्याही पेशंटला, कोणत्याही ऑपरेशनला चालला असता. टीएएच म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढणं, हे आम्हाला माहीत होतं. बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूची अंडाशयं आणि नळ्याही काढणं. हे कुणालाच माहीत नव्हतं. मोठीमायला नाही, मोठ्या बाबांना नाही आणि ज्यानं सही केली त्या शिकलेल्या पोट्ट्याला तर नाहीच. अंडाशयं गेली की बाई त्याच आठवड्यात पाळी जाण्याच्या वयात जाऊन पोचते, हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात, त्यासाठी औषधं असतात, काळजी असते. सांगितलं असतं तर तिनं कदाचित तरीही हो म्हटलं असतं. ऑपरेशन चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, ते ठरवण्याची माझी लायकी नाही. मी एवढंच म्हणतोय की तिला विचारलं गेलं नाही, आणि विचारलं गेल्याचा पुरावा मात्र फाइलीत आहे. तो पुरावा मी तयार केला.

त्या फॉर्ममधलं एक वाक्य मला पाठ झालंय. तुमच्याही घरातल्या कुठल्या तरी फाइलीत ते थोड्या फरकानं सापडेल. सदर शस्त्रक्रियेचे स्वरूप, उद्दिष्ट, उपलब्ध पर्याय, संभाव्य धोके व गुंतागुंत मला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आली असून माझ्या सर्व शंकांचे निरसन झाले आहे. आणि खाली, काही बरेवाईट झाल्यास डॉक्टर, कर्मचारी अथवा रुग्णालय जबाबदार राहणार नाही.

'मला समजेल अशा भाषेत' हे शब्द ज्या भाषेत लिहिलेत ती भाषा मला समजत नाही. मी मराठी माध्यमात शिकलो, दहावीला मराठीत ब्याऐंशी मार्क होते. 'निरसन' हा शब्द आमच्या घरात कोणी आयुष्यात उच्चारला नसेल. तरी खाली सही करायची, की हो, निरसन झालं.

आपल्या पिढीला हे नवीन नाही म्हणा. आपण दिवसाला दोनदा न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबतो. पण अ‍ॅप डिलीट करता येतं. अंडाशय परत इन्स्टॉल होत नाही.

आता कायद्याचं बघू, कारण मला आधी वाटायचं की कायद्यालाच असा फॉर्म हवा असतो. तसं नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी २००८ चा. प्रकरण १९९५ चं, दिल्लीचं. चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित बाई पाळीच्या तक्रारीसाठी गेली, दुर्बिणीनं तपासणीसाठी तिनं सही केली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर येऊन तिच्या म्हाताऱ्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, अंडाशयं, नळ्या सगळं काढलं. कोर्टानं सांगितलं की प्रौढ, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीनं आईची संमती चालत नाही, तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नाही, आणि जिवावर बेतलेलं नसेल तर थांबून तिलाच विचारायला हवं होतं. पंचवीस हजारांची भरपाई मिळाली. रक्कम बघून हसू नका, तत्त्व मोठं आहे. त्या हिशेबानं मोठीमाय तीन पावलांवर शुद्धीत बसलेली असताना मी केलेल्या सहीची किंमत शून्य होती.

पण त्याच निकालात एक भाग आहे, आणि माझं खरं भांडण त्याच्याशी आहे. पेशंटला किती सांगायचं, याचं माप ठरवताना कोर्टापुढे दोन रस्ते होते. एक अमेरिकी: समजूतदार पेशंटला निर्णयासाठी जे जाणून घ्यावंसं वाटेल ते सगळं सांगा. दुसरा जुना इंग्रजी: इतर जबाबदार डॉक्टर जेवढं सांगतात तेवढं पुरे. आपल्या कोर्टानं दुसऱ्या रस्त्याकडे झुकतं माप दिलं, आणि दिलेल्या कारणांत हेही होतं की इथले बहुसंख्य रुग्ण गरीब, निरक्षर किंवा अर्धशिक्षित आहेत, त्यांना वैद्यकीय शब्द, अवयवांची कामं, ते काढल्याचे परिणाम समजत नाहीत. खुद्द इंग्लंडनं २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात आपला जुना रस्ता सोडला आणि पेशंटला काय महत्त्वाचं वाटतं ते माप धरलं. आपण अजून 'त्यांना समजत नाही'वरच उभे आहोत.

हे 'त्यांना समजत नाही' मी वॉर्डात ऐकलंय, सरकारी ऑफिसात ऐकलंय, शिकलेल्या मित्रांच्या तोंडून ऐकलंय. म्हणून जरा थांबून त्याच्याकडे बघू या.

जूनमध्ये पेरणीआधी आमच्या भागात बियाण्याची उगवण तपासतात. सोयाबीनचे शंभर दाणे मोजायचे, ओल्या पोत्यात ओळीनं मांडायचे, पोतं गुंडाळून ठेवायचं, काही दिवसांनी मोडाचे दाणे मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणं चालतं. साठ उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं. त्याच्या खाली असेल तर दुसरं बघायचं. मोठीमाय हे दरवर्षी करते. ती शाळेत गेलेली नाही. शंभरातून किती, कमी पडले तर काय करायचं, वाट बघायची की आताच टाकायचं, पाऊस लांबला तर दुबार पेरणीला पैसा कुठून आणायचा: हे सगळं ती डोक्यात ठेवते. याला इंग्रजीत रिस्क अ‍ॅनालिसिस म्हणतात आणि ते करायला लोक लाखांची फी भरतात. कोरडवाहू कापसाच्या जिल्ह्यात जोखीम कळत नाही असं माणूस मला दाखवा. अशा बाईला 'शंभर बायांचं हे ऑपरेशन केलं तर इतक्या जणींना हा त्रास होतो' हे समजणार नाही? ती उलट विचारेल, त्या इतक्या जणींत मी असली तर पुढं काय?

सांगणाऱ्याला सांगता येत नाही, हे 'त्यांना समजत नाही'चं भाषांतर आहे. आणि गंमत म्हणजे डॉक्टरांना सांगता येतं! ओपीडीत तेच डॉक्टर म्हणतात, "पिशवी खराब झाली, काढावी लागेल." पिशवी! किती स्वच्छ शब्द आहे. 'भूल' हा शब्द घ्या, याहून सुंदर शब्द कुठल्या भाषेत असेल? पण फॉर्म छापायला गेला की पिशवीचं गर्भाशय उच्छेदन होतं आणि भुलीचं संवेदनाहरण. एका बाजूला इंग्रजी कोड, दुसऱ्या बाजूला कोशातलं संस्कृत, आणि मधल्या मधे जी मराठी माणसं बोलतात तिला कागदावर जागा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवला होता.

हे फक्त दवाखान्याचं नाही. २०१७ चा पावसाळा यवतमाळात कोणी विसरलेलं नाही. कापसावर फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली, जिल्ह्यात किमान वीस माणसं गेली, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या माणसांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यानंतर काय ऐकू आलं? की शेतकऱ्यांनी, मजुरांनी हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधलं नाही, डब्यासोबतचं माहितीपत्रक वाचलं नाही. ते पत्रक मी हातात घेऊन पाहिलंय. पातळ कागद, आठ घड्या, मुंगीएवढी अक्षरं. आणि डब्यावरचा रंगीत त्रिकोण: लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हा उलगडा कुणी कुणाला केला होता? फवारणारा माणूस बहुतेकदा रोजंदारीचा, त्याच्या हातात पंप येतो, डबा येत नाही. पण पत्रक छापलं होतं, म्हणजे सूचना दिली होती, म्हणजे चूक मरणाऱ्याची. संमतीपत्र त्याच जातीचा कागद आहे. दोन्ही कागद वाचले जावेत म्हणून लिहिलेलेच नाहीत. नंतर दाखवता यावेत म्हणून लिहिलेत.

अजून एक कागद. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या, आता तेलंगणात असलेल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस देण्याचा प्रकल्प झाला. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं ऑगस्ट २०१३ च्या अहवालात त्याची चिरफाड केली. आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. आश्रमशाळेतली आदिवासी पोर, बाप रानात, सही वॉर्डनची. लस वाईट होती का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर 'नाही' असं आज जगभर मानलं जातं. पण चांगली गोष्टसुद्धा न विचारता टोचली की लोक पुढची वीस वर्षं लसीवरच संशय घेतात. आमच्याकडे कुठल्याही लसीकरणाच्या वेळी आशाताईला पोडावर, तांड्यावर जे टोमणे खावे लागतात, त्यांची मुळं अशा सह्यांतही आहेत असं मला वाटतं.

आणि बीड तर शेजारचंच म्हणायला हवं, कारण पुसद-उमरखेडकडच्या तांड्यांतूनही माणसं ऊसतोडीला जातात. २०१९ मध्ये सरकारनं विधिमंडळात आकडा दिला: एकट्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांची गर्भाशयं काढली गेली. चौकशी समिती बसली, चर्चा झाली, खाडे पडू नयेत म्हणून बायाच ऑपरेशन करून घेतात असंही छापून आलं. मला त्या बातम्यांत एकच गोष्ट सतत दिसत राहिली. ४,६०५ फाइली. प्रत्येकीत एक फॉर्म. प्रत्येक फॉर्मवर लिहिलेलं की उपलब्ध पर्याय मला समजेल अशा भाषेत सांगितले. एवढ्या सगळ्या बायांना गोळ्यांचा पर्याय सांगितला आणि एवढ्या सगळ्यांनी तो नाकारला?

फॉर्म सोपा करा म्हटलं की जी उत्तरं येतात ती आता मला तोंडपाठ आहेत.

पहिलं, वेळ नाही. सरकारी ओपीडीत एका डॉक्टरपुढे दोनशे माणसं, हे खरं आहे, मी रांगेत उभा राहिलोय. पण समजावणं सर्जननंच आणि ऑपरेशनच्या तोंडावरच करावं असं कोणी म्हटलंय? ठरलेल्या ऑपरेशनचा कागद आठवडाभर आधी घरी देता येतो. गावात आशाताई आहेत. महात्मा फुले योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, तो कार्डाचे फोटो काढतो, तोच दहा मिनिटं वाचूनही दाखवू शकतो. पेशंटच्या शंका त्यानं लिहून ठेवायच्या, सर्जननं तेवढ्याचीच उत्तरं द्यायची. आणि आदेश तर आहेच. २०१२ मध्ये बिहारच्या अररियात एका शाळेत दोन तासांत त्रेपन्न बायांची नसबंदी उरकली होती. त्यावरच्या देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१६ मध्ये सांगितलं की बाईला तिच्या भाषेत परिणाम समजावून सांगा, आणि तिला मन बदलायचं असेल तर त्यासाठी तासभर तरी द्या. नसबंदीला तासभर मिळू शकतो, तर पिशवी काढायला का नाही?

दुसरं, लोक घाबरून पळून जातील. अहो, आताचा फॉर्म काय कमी घाबरवतो? 'मृत्यूसुद्धा होऊ शकतो' हे त्यात असतंच, फक्त किती जणांचा, कशामुळे, तो टाळायला तुम्ही काय करणार आहात, हे नसतं. मोतीबिंदूच्या आणि हृदयाच्या ऑपरेशनला तेच एक वाक्य. आणि समजा, सगळं कळल्यावर एखादी बाई नाही म्हणाली? नाही म्हणायचा हक्क नसेल तर त्या कागदाला संमतीपत्र कशाला म्हणायचं, पावती म्हणा.

तिसरं, कोर्टात टिकणार नाही. दवाखान्याच्या वकिलांना हे सगळ्यात जास्त वाटतं. खरं उलट आहे. 'आम्ही जबाबदार नाही' असं कितीही ठळक छापलं तरी निष्काळजीपणाची जबाबदारी सहीनं जात नाही. समीरा कोहली प्रकरणात सह्या होत्याच की, तिची होती, आईची होती. सह्या असूनही डॉक्टर हरले. कोर्टात जास्त उपयोगी काय पडेल, छापील तीन पानं की पेशंटनं स्वतःच्या शब्दांत सांगितलेली चार वाक्यं? 'बाई, आता तुम्हीच मले सांगा, तुमचं काय काय काढणार हाय आणि मंग काय होईन?' असं विचारायचं, ती सांगेल ते लिहायचं, चुकलं तर परत सांगायचं. बाहेर याला टीच-बॅक म्हणतात. आमच्याकडे पाढे असेच घेतात.

आता हे कुठे होऊच शकत नाही असंही नाही. गर्भजल परीक्षेसारख्या तपासणीसाठी १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्यात साफ लिहिलंय: दुष्परिणाम समजावून सांगा, तिला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्या आणि त्याची प्रत तिला द्या. प्रत! साधी गोष्ट. पोटात सुई घालण्याआधी प्रत द्यायला लागते, पोट उघडण्याआधी मात्र फॉर्म पॅडला अडकलेलाच राहतो. डॉक्टरांसाठीचे २००२ चे आचारनियम पाहिले तर ऑपरेशनआधी कोणाची लेखी संमती घ्यावी, त्या यादीत आधी नवरा किंवा बायको येतात, मग अज्ञानाचे आईबाप, आणि खुद्द पेशंट शेवटी. २०२३ मध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात थांबवलेही गेले, त्यामुळे जुनेच चालू. तिकडे २०१९ च्या औषध चाचण्यांच्या नियमांत नव्या रेणूची चाचणी दुर्बल घटकांवर होत असेल तर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं आहे, निरक्षर माणसासाठी तटस्थ साक्षीदार सक्तीचा आहे. कंपनीच्या गोळीसाठी कॅमेरा लावता येतो. माझ्या आजोबांचा पाय कापताना साक्षीदार कोण होता? वॉर्डबॉय. त्यानं त्या दिवशी आणखी किती कागदांवर साक्ष केली असेल कोण जाणे.

मोठीमायच्या फॉर्ममध्ये काय असायला हवं होतं, ते मी एकदा रात्री बसून लिहून काढलं. एका डॉक्टर मित्राकडून तपासून घेतलं. ते असं:

'तुमची गर्भपिशवी काढायची आहे. त्यानंतर पाळी कायमची बंद होईल. मूल होणार नाही. पोटावर चिरा पडेल.

अंडाशयं: काढणार / ठेवणार. (डॉक्टरांनी एकावर गोल करून तुम्हाला दाखवायचं.) काढली तर अंग गरम होणं, घाम, झोप न लागणं सुरू होईल, हाडं लवकर कमजोर होतील. का काढायची, ते इथे दोन ओळींत लिहिलं आहे.

ऑपरेशन न करता गोळ्या घेऊन पाहता येतात, किंवा पिशवीत औषधाची तांबी बसवता येते. तुमच्यासाठी ते चालेल / चालणार नाही, कारण:

रक्त जास्त जाऊ शकतं, जंतू होऊ शकतात, लघवीच्या पिशवीला इजा होऊ शकते. आमच्याकडे शंभरात किती जणींना असं होतं: …

वजन उचलायचं नाही: … आठवडे. शेतात कामाला: … महिन्यांनी.

विचार करायला घरी जायचं असेल तर जा. नाही म्हणालात तरी तुमचा इलाज बंद होणार नाही.

हा कागद तुमचा आहे. घरी न्या.'

एवढंच. एका पानात बसतं. मित्रानं वाचून दिलं आणि म्हणाला, यात एकच अवघड जागा आहे, 'आमच्याकडे शंभरात किती'. कारण तो आकडा दवाखान्याला स्वतःलाच काढावा लागेल. मग काढा की.

पण हे पान मराठीत आहे आणि इथे मी स्वतःवरच येतो. यवतमाळ जिल्ह्यात मराठी ही सगळ्यांची भाषा नाही. केळापूर, झरी, मारेगाव, घाटंजीकडे कोलामांचे पोड आहेत. सरकारच्याच यादीत कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. कोलामी मराठीच्या घरातली नाहीच, द्रविड घरातली आहे. गोंडीही तशीच. पुसद-दिग्रसकडे तांड्यावर गोरमाटी. पोडावरची म्हातारी दवाखान्यात येते तेव्हा दुभाषी असतो तिचा सातवीतला नातू, आणि पिशवी, पाळी, लघवी हे शब्द त्यानं आजीला सांगायचे असतात. तो काय सांगेल? मी वीस वर्षांचा असून जे सांगितलं तेच: काही नाही, फॉर्म्यालिटी आहे. जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला वसंतराव नाईकांचं नाव आहे. नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, तांड्यावर वाढलेले. त्यांच्या नावाच्या कॉलेजातून गोरमाटीतली, कोलामीतली, गोंडीतली संमतीची ऑडिओ निघावी, यापेक्षा साजेसं स्मारक मला सुचत नाही. या भाषा कागदावर कमी आणि तोंडात जास्त आहेत, म्हणून ऑडिओच. दोन-तीन मिनिटांची एकेक क्लिप. वरच्या पंधरा-वीस ऑपरेशनांपासून सुरुवात करायची. फॉर्मवर क्यूआर छापायचा, वॉर्डातल्या कुणाच्याही फोनवर ती वाजेल. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमत्तेचा वेगळा भाग आहे. पोरांना प्रोजेक्ट लागतातच, हा द्या. बोलणारी माणसं पोडावर आहेत, त्यांना मानधन द्या. यात कुठलंही रॉकेट नाही. आपण याहून अवघड रील रोज बनवतो.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय, घरातले शिकलेले आहात. पुढच्या वेळी 'शिकलेलं कोण आहे' अशी हाक आली की सगळे तुमच्याकडेच बघणार आहेत.

गेल्या दिवाळीनंतर मोठीमायचा मोतीबिंदू काढला. दुसरा दवाखाना. मी आदल्या दिवशी फॉर्म मागितला, तर काउंटरवरचे भाऊ म्हणाले, "एवढं कोणी वाचत नाही." तरी दिला. बाकड्यावर बसून मी तिला वऱ्हाडीत एकेक ओळ वाचून दाखवली. 'निरसन' आलं तिथे दोघंही हसलो. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "हे सगळं ठीक हाय. पन मले कापूस येचाले कधी जाता येईन, ते कुठं लिवलं हाय?"

कुठेच लिहिलं नव्हतं. सिस्टरना विचारलं, त्यांनी आत जाऊन डॉक्टरांना विचारलं, डॉक्टर स्वतः बाहेर आले. धूळ, ऊन, वाकणं, डोळा चोळणं, सगळं त्यांनी नीट सांगितलं, पाच मिनिटं उभं राहून. माणूस चांगला होता. मोठीमायनं दोनदा तेच उलटून विचारलं आणि मग म्हणाली, आण तो कागुद. साक्षरतेच्या वर्गात तिनं नाव लिहायला शिकलं होतं, तेवढंच तिला येतं. एकेक अक्षर काढत तिनं सही केली, वेलांटी विसरली, परत देऊन आली. मागे दोन माणसं खोळंबली होती.

मी काउंटरवर झेरॉक्स मागितली. नाही देता येत म्हणाले.

"मंग फोटू काढ ना," मोठीमाय म्हणाली. काढला.